वैशालीच्या टाकीतली मश्रूमं

परवा गुरुवारी मी चहा गाळत होते आणि वीज गेली. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला, आणि त्या सगळ्याच्या मागे सतत चालू असणारी हॉलमधल्या काचेच्या टाकीच्या पंपाची घरघर थांबली. बाकीच्यांना वीज गेली की उकडायला लागतं. मला आधी ती घरघर थांबल्याचं पोटात कळतं. गाळणी तशीच कपावर टाकून मी हॉलमध्ये धावले. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारची, म्हणून विजेच्या तारांची देखभालही गुरुवारची. मे महिना आला की ही देखभाल जरा जास्तच प्रेमाने चालते. बॅटरीवरचा हवेचा पंप काढला, नळी पाण्यात सोडली, बर्फाची बाटली तरंगत ठेवली आणि स्टूल ओढून टाकीपुढे बसले.

बुडबुडे वर येत होते. खाली दगडांवर मश्रूमं दाटीवाटीने पसरली होती, लग्नाच्या पंगतीत बसावं तशी मांडीला मांडी लावून. खरं सांगायचं तर ही सगळी मश्रूमं वैशालीची. आहेत माझ्या टाकीत, वाढतात माझ्या पाण्यात, पण कोणी कौतुक केलं की माझ्या तोंडून आधी तेच निघतं. आणि तिचं नाव निघालं की मला तो उन्हाळा आठवतो. ती समोरच्या दारात राहत होती, तिच्या नवऱ्याच्या बदलीचं घाटत होतं, ती जाणार की राहणार ते ठरायचं होतं, आणि मी सबंध उन्हाळा तिच्या मश्रूमांवर जळत होते. जळणं म्हणजे साधंसुधं नव्हे. अंगाचा तिळपापड.

ज्यांच्या घरी हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगते, मश्रूम म्हणजे इथे भाजीतलं मश्रूम नव्हे. खाऱ्या पाण्यातला जीव आहे तो, प्रवाळाच्या गोतावळ्यातला, पण अंगात हाड नाही. नुसती एक मांसल चकती, मधोमध बारीकसं तोंड, आणि खाली एक पाय, ज्याने ती दगडाला धरून बसते. कुठली लाल, तिच्यावर हिरवे ठिपके. कुठली निळी. कुठली कॉफीच्या रंगाची, अंगावर बारीक दाणे, थेट खसखस लावलेला अनारसा. टाकीचा दिवा लागला की ती फुगतात, पसरतात. दिवा गेला की आक्रसतात. चिंचवडच्या आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी ती पहिल्यांदा पाहिली, सुजलेल्या गालावर हात धरून. दाढ गेली आणि हे मागे लागलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "पोवळं बोटात घालतात गं बाई. त्याला घर बांधून देणारी तू पहिलीच."

घर तर बांधलंच. देहूरोडच्या एका फौजी कुटुंबाची बदली झाली होती आणि त्यांना आपली मोठी काचेची टाकी काढून टाकायची होती. ती टेम्पोत घालून संत तुकाराम नगरात आणली, तेव्हा नवरा सगळ्या वाटेने तिला मिठी मारून बसला होता. लग्नात मला त्याने एवढं घट्ट धरलं नव्हतं. मग मीठ आलं, पंप आले, दिवे आले, आणि कॉलनीत बातमी झाली की तिसऱ्या मजल्यावरच्या मधूबाई घरात समुद्र करतायत, आणि इकडे एक दिवसाआड पाणी! जिन्यात भेटेल तो पाण्यावरून टोमणा मारायचा. वैशालीने मारला नाही. ती तेव्हा नुकतीच समोर राहायला आली होती. लातूरकडची, विम्याच्या ऑफिसात नोकरीला. नवरा दिनेश चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत. ती सरळ आत आली, टाकीपुढे फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आगं बया! हे श्वास घेतंय की गं!"

मला माणसं अशी एकदम आवडत नाहीत. ती आवडली.

आता माझी नोकरी सांगायला हवी, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं. तळवड्याच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. लोखंडी भागांवर निकेल चढवतात, त्या रसायनांच्या टाक्या तपासणं हे माझं काम. त्या टाकीत जरा कचरा राहिला की भागावर पुरळ उठतं, चाकणहून माल परत येतो आणि साहेब मला बोलावतात. त्यामुळे टाकी म्हटली की ती गाळायची, तपासायची, पुन्हा गाळायची, हे माझ्या हाडीमासी भिनलेलं. घरची टाकीही मी तशीच ठेवली. कोळशाची गाळणी, बारीक जाळीची गाळणी, फेस काढायचं यंत्र, तळातल्या वाळूतली घाण नळीने ओढून काढणं. पाणी असं लख्ख की टाकीत पाणी आहे हे सांगावं लागायचं. शेजारी म्हणायचे, "काय स्वच्छता आहे हो!" आणि त्या स्वच्छतेत माझी मश्रूमं बसली होती शर्टाच्या बटणाएवढी होऊन, तोंड पाडून.

वैशालीला मी त्यातलंच एक दिलं होतं. मागितलं नव्हतं तिने. पण आमच्या ह्या छंदात एक रीत आहे, आपल्याकडचा एक तुकडा शेजाऱ्याकडे, मित्राकडे द्यायचा. उद्या आपल्याकडचं सगळं गेलं तर त्याच्याकडून परत आणता येतं. विरजणाचं असतं ना, तसं. आपलं दही नासलं की वाटी घेऊन समोरचं दार वाजवायचं. तर मी तिला एक पिटुकलं लाल मश्रूम दिलं, दगडाच्या चिपेला चिकटलेलं. तिने ते गोड्या पाण्यातल्या माशांच्या जुन्या टाकीत खारं पाणी भरून ठेवलं. टाकी कुठे ठेवली, तर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर! वर एक साधा दिवा. गाळणी नाही, यंत्र नाही, तपासणी नाही. मी मनात म्हटलं, गेलं बिचारं.

ते गेलं नाही. ते बशीएवढं झालं. मग बशीशेजारी आणखी एक बशी. मश्रूम जागा बदलताना पायाचा एक कण मागे सोडून जातं आणि त्या कणाचं नवं मश्रूम होतं, हे मी वाचलेलं होतं. वैशालीकडे ते घडत होतं. मी वाचत होते आणि तिच्याकडे घडत होतं! दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथे तर माझेच चणे, आणि दात तिचे.

"काय घालतेस ह्यांना?" मी विचारायची.

"काय घालणार? माशांचं जुनं उरलंय तेच, आठवलं तर."

"आणि पाणी कधी बदलतेस?"

"तू बदललंस की."

हेही खरंच होतं. मी आठवड्याला टाकी धुऊन काढायची, ते काढलेलं पाणी ओतायला निघाले की ती दारातच बादली अडवायची. "फेकायलीस कामून? मीठ घातलेलं पाणी ते, चांगलं चांगलं. दे इकडं." लातूरच्या माणसापुढे पाणी ओतून दाखवावं, हिंमत आहे कोणाची? मी तळातून ओढलेल्या घाणीसकट ती बादली तिच्या चपलांच्या कपाटापाशी नेऊन ठेवायची. मश्रूमं म्हणजे गढूळ, सकस पाण्यात रमणारी जात. म्हणजे माझ्या मश्रूमांच्या तोंडचा घास मी दर आठवड्याला स्वतःच्या हातांनी समोरच्या घरी पोचवत होते. हे सगळं आता कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं, की मी करते करते आणि होतं तिचं.

आणि असं फक्त मश्रूमांचंच होतं का? तिच्या कुंडीतली मिरची लगडलेली. तिच्या पोळ्या मऊ. तिचे केस, तेल नाही पाणी नाही, कमरेपर्यंत. ती हसली की जिन्यातला टपालवालाही हसायचा. मी हसले तर लोक विचारतात, काय झालं? पण ह्या गोष्टींवर जळत बसायला मी काही एवढी हलकी नाही. मश्रूमांवर जळले. ती तर माझी होती ना! आपल्या पोरीने आपल्याकडे तोंड वाकडं करून जेवावं आणि शेजारी जाऊन दोनदा वाढून घ्यावं, तर कुठल्या बाईच्या पोटात दुखणार नाही?

त्या उन्हाळ्यात दिवसाची सुरुवातच तिच्या दाराने व्हायची. कंपनीची बस पकडायच्या घाईत, एक पाय चपलेत, मी तिच्या कपाटापुढे वाकलेली. नवं फुटलं का? जुनं पसरलं का? वैशाली पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी मागे उभी. ती काहीतरी सांगत असायची. दिनेशच्या कंपनीतली एक आख्खी लाइन गुजरातेत साणंदला हलणार, कोणाकोणाची नावं लागतायत, तिला काही जायचं नाही, सासू म्हणते जावं. मी "हो का? अरे बापरे!" म्हणायची आणि डोळे काचेवर. मला वाटायचं, दरवर्षी उठतात अशा आवया. चाकणच्या कंपन्यांत बदलीची आवई आणि कँटीनच्या जेवणाची तक्रार, दोन्ही बारमाही.

मेच्या मधल्या कुठल्याशा रविवारी, मी रजा टाकली आणि गच्चीवर आमच्या कुरडया झाल्या. चीक मी घोटला, सोऱ्या तिने फिरवला. उन्हाने डोळे दिपत होते, दूर भोसरीकडून कुठल्यातरी प्रेसचा दणका येत होता. तिने पदर डोक्यावरून घेतला होता आणि कपाळावर चीक लागला होता, तरी बरी दिसत होती, ते एक असो. वाटणीच्या वेळी ती म्हणाली, "मला थोड्याच दे. तूच ठेव." मी म्हटलं, "का गं? तुझ्या पोरांना तर लागतात." ती म्हणाली, "बघू पुढं." मला काय वाटावं? मला वाटलं, हिच्या हातून होतात म्हणून हिला किंमत नाही.

आणि त्याच दिवशी खाली येऊन बघते तर माझ्या टाकीतलं सगळ्यात जुनं मश्रूम दगड सोडून पाण्यात तरंगत होतं. जागा मानवली नाही की ती असं करतात. पाय सोडतात, प्रवाहाबरोबर फिरत राहतात आणि वाटेल तिथे जाऊन बसतात. माझं ते पंपाच्या तोंडाशी चाललं होतं. दह्याच्या डब्यात वाळू आणि दगडाच्या चिपा घालून, वर चहाची जाळी बांधून मी त्याला कोंडून ठेवलं, की बाबा, इथे तरी धर. त्याने काही धरलं नाही. दुसऱ्या दिवशी विरघळून गेलं. मी रडले नाही, पण त्या संध्याकाळी वैशालीने "काय झालं गं?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तुला काय, तुझं बरं चाललंय." तिचं तेव्हा काहीच बरं चाललेलं नव्हतं.

मग तो गुरुवार. माझी सुट्टी, तिचं ऑफिस, तिची पोरं मामाकडे लातूरला. वीज सकाळी गेली ती येईना. खाऱ्या पाण्यात हवा राहिली नाही की जीव गुदमरतात, आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की लवकर. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. बॅटरीचा पंप एकच. थोडा वेळ माझ्या टाकीत, मग तो नळीसकट उचलायचा, दोन दारं ओलांडायची आणि थोडा वेळ तिच्या टाकीत. जिच्या मश्रूमांनी माझी झोप उडवली होती, त्यांनाच मी पदराने घाम पुसत वारा घालत होते. त्यांना मी मोठ्याने शिव्याही घातल्या. "माजलात मेल्यांनो, माझं खाऊन माजलात," असं म्हणाले. ती आपली फुगून बसली होती, जावई आल्यासारखी.

तिच्या चपलांच्या कपाटावर टाकीशेजारी पंप ठेवायला जागा नव्हती. नळी लांब होती म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराआडच्या गव्हाच्या कोठीवर तो टेकवला. टेकवला आणि ढब्ब झालं. भरलेल्या कोठीवर काही ठेवलं तर असा आवाज येत नाही. मी झाकण उघडलं. कोठी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, पुसून घेतलेली.

मेमध्ये? वर्षाचे गहू आम्ही दरवर्षी एकाच दिवशी, पिंपरीच्या मंडईतल्या एकाच दुकानातून आणायचो. तिने घासाघीस करायची, मी दाणा चावून बघायचा. त्या वर्षी ती म्हणाली होती, "तू आण, मी मागवते मागून." तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. मी बाकीचे डबे उघडले. तिखटाचा डबा तळाला गेलेला. तूरडाळ वाण्याच्या पिशवीतच, आठवड्यापुरती. लोणच्याची बरणी धुऊन पालथी. आमच्याकडे बाई भांडली, रुसली, आजारी पडली तरी मेमध्ये कोठी भरते. जिला पुढचं वर्ष ह्या घरात काढायचं नसतं, तीच फक्त भरत नाही. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. पंप चालू होता आणि मश्रूमं मजेत होती.

संध्याकाळी ती जिना चढून वर आली, तेव्हा मी दोन्ही दारांच्या मधेच उभी होते.

"गहू का नाही भरलेस?"

"आत तर येऊ दे गं मला."

"का नाही भरलेस, वैशाली?"

एक चप्पल काढून ती थांबली. "जायलोत आम्ही साणंदला. शाळा सुरू व्हायच्या आधी."

"कधी ठरलं?"

"झाले की थोडे दिवस."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"ऑफिसात सांगितलं. आणि खालच्या संगीताला. तिच्या भावाचा टेम्पो आहे म्हणून विचारलं गं, सामानासाठी."

संगीताला! पहिल्या मजल्यावरची ती संगीता, जिला कुरडईचा चीक आणि खळ ह्यातला फरक कळत नाही. तिला माहीत आणि मला नाही. त्या क्षणी मला वैशाली चालली ह्याचं दुःख झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला आधी संगीताचा राग आला. तो राग अजून आहे, जिन्यात ती दिसली की वर येतो.

"आणि मला सांगायला तुझी जीभ झिजत होती?" मी म्हटलं.

वैशाली कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "तुला कधी सांगू, मधू? रोज येतीस, कपाटापुढं वाकतीस. किती झाली, केवढी झाली. मी हितंच उभी असते की गं. ह्या सबंध उन्हाळ्यात तू माझ्या तोंडाकडं बघितलंस का एकदा तरी?"

कोणी बरोबर बोट ठेवलं की मी चिडते, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, "जा, जा, बरंच झालं. निदान ती मश्रूमं तरी माझ्या डोळ्यांपुढून जातील."

"ती कुठं जायलीत?" ती म्हणाली. "टेम्पोत दोन दिवस जगतील का ती? ती तुझ्याकडंच राहणार."

मग मात्र मला रडू फुटलं. चांगलं भोकाड. संगीता खालून वर डोकावली, तर वैशालीने तिला हातानेच जायला सांगितलं. तेवढं एक मला फार बरं वाटलं.

जायच्या आदल्या दिवशी तिने सगळे दगड एका बादलीत घेतले, वर पाणी, आणि दोन दारांमधली ती चार हातांची वाट चालत आली. मी दार धरून उभी. दिनेश भावजी मागून म्हणत होते, "सांभाळून, सांभाळून!" जणू ती बादली लातूरला चालली होती. एकेक दगड तिनेच माझ्या टाकीत लावला, बाह्या वर करून. मला भीती होती की माझ्या पाण्यात तीही आक्रसतील. मी कोळसा काढून टाकला. फेसाचं यंत्र बंद केलं. काच पुसायची नाही म्हणून नवऱ्याला शपथ घातली. प्लेटिंगवाल्या बाईला घाण सहन करायला लागणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. कारखान्यात टाक्या लख्ख ठेवायच्या आणि घरी येऊन काचेवरच्या हिरव्या शेवाळाकडे हात बांधून बघत बसायचं. पण मश्रूमं मानली. पसरली, फुटली, फुटत राहिली.

आता चिंचवडपासून निगडीपर्यंतचे हौशी लोक बघायला येतात. फोटो काढतात. "ताई, तुमच्या हाताला यश आहे," म्हणतात. मी त्यांना चहा देते. हे सगळं मला हवं होतं, हुबेहूब असंच हवं होतं. माझ्या टाकीएवढी भरलेली टाकी ह्या कॉलनीत दुसरी नाही. आणि गंमत बघा, सकाळी बस पकडायच्या घाईत, एक पाय चपलेत, मी अजून समोरच्या दाराकडे वळते. तिथे आता एक आयटीतला मुलगा राहतो. दार बंद असतं, बाहेर जेवणाच्या पार्सलच्या पिशव्या. त्याचा हेवा कोणी आणि कशाचा करायचा? मला तर ह्या वयात जळायलासुद्धा कोणी उरलं नाही असं वाटायला लागलं होतं.

पण माझं नशीब थोर. गेल्या दिवाळीपासून वैशालीच्या फोनवर एक हेतलबेन यायला लागली. शेजारीण. आधी नुसतं, "हेतलबेननं ढोकळा दिला." मग, "हेतलबेन आणि मी भाजी आणायला गेलो." मग, "हेतलबेन म्हणते, माझ्या हातची पोळी लई मऊ." म्हणते का! मी तिच्या मऊ पोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, पण तोंडाने कधी कबूल केलं नाही. आणि ही बाई आली नाही तोच म्हणून मोकळी. व्हिडिओ कॉलवर एकदा मागे ती दिसलीही. गोरी, गोल, हसरी. कॅमेऱ्यात बघून हात हलवला. मीही हलवला, म्हणजे हलवावाच लागला.

परवा दुपारी वीज आली, पंपाची घरघर सुरू झाली, मी बर्फाची बाटली काढून घेत होते, तेवढ्यात वैशालीचा फोन. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "ऐक ना मधू, दिनेश पुढच्या आठवड्यात चाकणला यायलेत, मीटिंग आहे त्यांची. परत इकडं येताना विमानानं येणार, म्हणजे लगेच पोचतात. त्यांच्याजवळ एखादं मश्रूम देशील का, पिशवीत घालून? हेतलबेननं टाकी घेतली. मी तिला फोटो दाखवले तर वेडीच झाली ती."

माझा हात पाण्यातच राहिला.

"हेतलबेनला?" मी म्हटलं.

"हो ना. आमच्या दोघींच्या दारांच्या मधे ठेवायची म्हणते टाकी. दोघींनी मिळून बघायचं."

"नाही देणार."

ती हसायला लागली. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय. "अगं, एक! तुझ्याकडं एवढी मायंदाळ झालीत."

"एकही नाही. तुला हवं तर तू ये आणि घेऊन जा, सगळी घेऊन जा. तिच्यासाठी म्हणून इथून काही जाणार नाही."

"काय बाई आहेस गं तू! किती जळशील?"

"तू परत येईस्तोवर."

मला वाटलं, रेंज गेली. मी "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले, आणि मग तिने नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.